पहिली रांग नको!

दिवाळी सरली की फोनवर जाहिराती सुरू होतात. नागाव, रेवदंडा, काशीद, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली. गावं वेगळी, फोटो एकच. रंगीत तंबू, समोर पाणी, मावळता सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत ‘सी टच’.

हा फोटो संध्याकाळी सहाचा असतो. रात्री बाराचा फोटो कुणी काढत नाही.

आणि बायकापोरं तर रात्री बारालाच त्या तंबूत असतात. झोपलेली.

समुद्रकिनारी कुटुंबाला घेऊन राहायचं असेल, तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये, तर जागा निवडायची कसोटी एकच आहे. कॅम्प समुद्रापासून किती मागे आहे? जितका मागे, तितका चांगला. पाणी, संडास, वारा, रस्ता, पोरांचा जीव, सगळे प्रश्न या एका प्रश्नाच्या पोटात आहेत.

पटत नाही? मग भरतीपासून सुरुवात करू.

कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आगेमागे येते, दुपारीही आणि रात्रीही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता पौर्णिमेच्या शनिवारचा हिशेब करा. ‘चांदण्यात कॅम्पिंग’ म्हणून त्या दिवशी गर्दी जास्त. मुंबई-पुण्याहून सकाळी निघालेली मंडळी वाटेत जेवून, घाटात थांबून, संध्याकाळी सहाला पोचतात. नेमकी तेव्हा पूर्ण ओहोटी असते. पुळण लांबवर उघडी पडलेली, पाणी कुठल्या कुठे. सगळे म्हणतात, अजून थोडं पुढे घ्या की तंबू!

जागा ठरवायला याहून फसवी वेळ चोवीस तासांत दुसरी नाही.

उत्तर कोकणात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिणेकडे, मालवणच्या बाजूला, तो कमी होतो. पण पुळण जवळजवळ सपाट असते. उंचीतले चार मीटर म्हणजे आडवी शंभर-दोनशे पावलं. सहाला जे पाणी दूरची रेघ वाटत होतं, ते बाराला तंबूच्या दोऱ्यांपाशी असतं. शिवाय सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशीच येतं असं नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनीही येतं. शनिवारी जागा कोरडी राहिली म्हणून रविवारी राहीलच, ही खात्री कुणी द्यायची?

कॅम्पवाल्याने देऊ नये. होडीने द्यावी.

गावातल्या होड्या कुठवर ओढून ठेवल्यात ते बघा. होडी हे नाखव्याचं पोट आहे, ती तो पाण्याच्या हवाली करत नाही. होड्यांच्या रांगेच्या पुढे तंबू दिसला की समजायचं, त्या कॅम्पवाल्याने गावातल्या कुणाला विचारलेलं नाही.

होड्या नसतील तर वाळू वाचा. काटक्या, शिंपले, तुटक्या चपला, प्लास्टिक यांच्या दोन रेघा दिसतात. खालची ओली, आजच्या भरतीची. वरची वाळलेली, मागच्या उधाणाची. तंबू वरच्या रेघेच्याही मागे हवा. समुद्र आपली हद्द स्वतः आखून जातो, ती वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

‘पण आम्ही काही पाण्यात जाणार नाही, नुसते बसणार आहोत.’ हे वाक्य मोठी माणसं बोलतात. सहा वर्षांचं पोर असं काही कबूल करत नाही.

तंबूची चेन उघडली की समोर समुद्र, ही मोठ्यांना चैन वाटते. मुलांसाठी ते दार नसलेलं घर आहे. आई चहा ओतत असते, बाबा गादी झटकत असतात, आणि मूल वीस पावलांत पाण्यात असतं. दोनशे मीटर मागे असलेल्या कॅम्पातून समुद्रावर जायचं तर कुणा मोठ्या माणसाला सोबत निघावं लागतं. हे अंतर म्हणजे गैरसोय आहे का? तीच तर राखण आहे.

१ फेब्रुवारी २०१६ या दिवशी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. वादळ नव्हतं, पावसाळा नव्हता. फेब्रुवारीतली साधी दुपार होती.

त्यानंतर फलक लागले. फलक वाचणाऱ्यांना समुद्राची भीती आधीपासूनच असते. बाकीचे त्याला टेकून सेल्फी काढतात.

म्हणून कॅम्प निवडताना विचारा, या किनाऱ्यावर जीवरक्षक असतो का, कोणत्या वेळेत असतो, आणि त्याच्याकडे दोरी आणि रिंग आहे का. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. कोकणात ती काही ठरावीक किनाऱ्यांवरच भेटते. जिथे नाही तिथे गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय गुडघ्यापुढे जायचं नाही. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला विचारायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

आता जुनं कोकण कसं वसलंय तेही बघा.

आधी पुळण. मग केवडा आणि झुडपांची पट्टी, अलीकडे वन खात्याने लावलेलं सुरूचं बन. मग नारळी-पोफळीची वाडी. त्या वाडीच्या मागे घर. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. शेकडो वर्षं समुद्रावर पोट भरणाऱ्यांनी घराचं तोंड समुद्राकडे केलं नाही. आणि दोन रात्रींचे पाहुणे मात्र पहिल्या रांगेसाठी भांडतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड इथल्या वाड्या आडव्या झाल्या, खाली दापोली-मंडणगडलाही तडाखा बसला. पोफळ पुन्हा लावून धरायला वर्षं जातात. पण वादळाचा पहिला घाव त्या वाड्यांनी आणि सुरूच्या बनांनी अंगावर घेतला. समोरची झाडं साफ करून ‘व्ह्यू’ मोकळा करणारा कॅम्पवाला नेमकी हीच ढाल तोडत असतो.

त्याला पैसे कोण देतं?

अपवाद सांगतो. मालवणजवळच्या देवबागला मागे सरायला जागाच नाही. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये गाव आणि माडांची चिंचोळी पट्टी. गाव देखणं आहे, जरूर जा. पण तिथे तंबूचा हट्ट नको. जोत्यावर बांधलेल्या घरात खोली घ्या. जिथे मागे जाता येत नाही, तिथे निदान वर राहा.

कायदाही हेच सांगतो. २०१९ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगते. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हा पट्टा ५० मीटरचा. पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना किनाऱ्यावर सवलत आहे, पण त्यांनाही भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर हवं. मोजणी भरतीच्या रेषेपासून होते, तुम्ही पोचलात तेव्हा पाणी जिथे होतं तिथून नाही.

मग पहिल्या रांगेचे तंबू उभे कसे राहतात? सोमवारी तपासणी येते म्हणून. ते शनिवारी उभे राहतात आणि रविवारी उतरतात.

बरं, कायदा सोडा. आराम तरी मिळतो का?

दुपारी खारा वारा सुटतो, समुद्राकडून जमिनीकडे. पहिल्या रांगेत त्याची वाळू ताटात येते. उत्तररात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव इतकं पडतं की तंबूचं कापड आतून गळू लागतं. झाडीच्या आड असलेल्या तंबूला या दोन्हींतून बरीच सुटका मिळते. उघड्या वाळूवरच्या तंबूला काहीच मिळत नाही, फोटो सोडून.

आणि एप्रिल-मे? सकाळी नऊनंतर तंबूत बसून दाखवा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर डोम तंबूची जाहिरात दाखवून त्यांना फसवू नका. त्या तंबूत वाकून, गुडघ्यांवर रांगत शिरावं लागतं. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला काळोखात, वाळूतून, शंभर पावलांवरच्या संडासाला जावं लागतं. तिथे उकिडवं बसायचं असेल तर मग बोलायलाच नको. त्यांच्यासाठी मागे वाडीत एक खोली, खाटेसह, कमोडसह. नातवंडं तंबूत, आजी खोलीत, सकाळी चहाला सगळे एकत्र. सहल कुटुंबाची आहे ना? मग सगळ्यांत जास्त वयाच्या माणसाच्या गुडघ्यांना विचारून जागा ठरवा.

संडासाचा विषय काढलाच आहे, तर पुरा करू.

‘वॉशरूम आहेत, सर, एकदम क्लीन.’ किती? तीस माणसांना दोन. आणि मैला जातो कुठे? हा प्रश्न विचारला की पलीकडचा आवाज बारीक होतो. वाळूत खड्डा खणून त्यावर पत्र्याची खोली उभी करणं फार स्वस्त पडतं. वाळू पाणी पटकन शोषते, म्हणून खड्डा कधी भरलेला दिसत नाही. जे दिसत नाही ते खालून वाहत असतं.

आणि कॅम्पची विहीर कुठे असते? त्याच वाळूत.

किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ते बेताबेताने उपसलं तर वर्षभर पुरतं. शंभर पाहुण्यांच्या शॉवरसाठी दिवसभर पंप चालवला की खालचं खारं पाणी वर सरकतं. कॅम्पवाला मग टँकर आणतो. शेजारच्या वाडीतल्या म्हातारीने टँकर कुठून आणायचा? तिची विहीर मचूळ झाली की पोफळींचंही नुकसान. आपण रविवारी अंग धुऊन निघून येतो.

म्हणून विचारा. सेप्टिक टाकी बांधलेली आहे का, विहिरीपासून किती लांब आहे, प्यायचं पाणी कुठलं आहे. उत्तर सरळ आलं तर कॅम्प सरळ.

आता रात्र. जाहिरातीत ‘शांत, निवांत किनारा’ आणि पॅकेजमध्ये ‘डीजे नाइट’. या दोन ओळी एकाच पानावर छापताना कुणाचा हात कसा थरथरत नाही?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी उद्यानांतल्या कॅम्पातही शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहाच. तिथे तर आरव्हीचा (तिकडच्या कॅराव्हॅनचा) जनरेटरसुद्धा रात्री आठनंतर चालवता येत नाही. नियम दोन्हीकडे आहे. तिथे रखवालदार येऊन तो सांगतो, इथे तुम्ही सांगितला तर तुम्हीच खडूस ठरता.

ठरा. लेकरू झोपलंय.

या आवाजाच्या आणि झगमगाटाच्या टप्प्यात आणखी कुणाचं लेकरू असतं. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि क्षितिज जिथे जास्त उजळ दिसतं तिकडे धावतात. लाखो वर्षं ती उजळ बाजू समुद्राची होती. आता ती हॅलोजनची आहे. पिल्लू चालत येतं ते तुमच्या बार्बेक्यूकडे.

वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ पासून कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. लोक आज कासवं बघायला जातात आणि गावकऱ्यांच्या घरात राहतात. पंगतीत जेवतात, ओटीवर झोपतात, पहाटे चालत किनाऱ्यावर जातात. पुळणीवर तंबू नाही, दिवे नाहीत. कुणाची मजा कमी झाली? उलट पैसे थेट गावात राहिले.

किनाऱ्यावर दिवे सोडणारा कॅम्प नाकारायला पर्यावरणवादी असावं लागत नाही. रात्री तारे दिसावेत एवढी साधी इच्छा पुरते.

कॅम्पफायरचंही तेच. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा खच कसा पेटतो हे एकदा बघितलेला माणूस त्या बनाजवळ शेकोटी मागणार नाही. आणि रात्री शेकोटीवर वाळू लोटून ‘विझवली’ म्हणणारे सगळ्यांत धोकादायक. वाळूखाली निखारे तासन्‌तास गरम राहतात. सकाळी अनवाणी धावणाऱ्या पोराला ते सापडतात. शेकोटी हवी तर लोखंडी घमेल्यात, आणि विझवायची पाण्याने.

नारळाखाली तंबू ठोकू नये हेही सांगायला लागावं? लागतं. कारण फोटोत तो फार छान दिसतो.

पुढचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. जवळचं सरकारी रुग्णालय किती लांब? विचारा, न लाजता. कोकणच्या जांभ्या दगडात, पालापाचोळ्यात फुरसं असतं. लहान, मातकट, रात्री फिरणारं, आणि विषारी. लाल विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचूदंशाच्या अभ्यासात आयुष्य घातलं. प्राझोसिन हे औषध वेळेवर दिलं तर रुग्ण वाचतो हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, सर्पदंशावरचं प्रतिविष आहे. प्रश्न फक्त तिथे पोचायला तुम्हाला किती वेळ लागेल एवढाच.

तेव्हा कॅम्पपासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता दिवसाउजेडी एकदा बघून ठेवा. रात्री टॉर्च, पायात बूट, सकाळी ते बूट झटकून घालायचे. मांत्रिक कुणी सुचवला तर त्याला चहा द्या आणि गाडी सुरू करा.

आता कॅराव्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅराव्हॅन उभ्या करायच्या जागा, तिथल्या सोयी, नोंदणी, सगळं कागदावर आलं. चांगली गोष्ट झाली. खाट, ओटा आणि संडास सोबत घेऊन फिरणारी गाडी ही आजी आणि तान्हं बाळ असलेल्या घरासाठी तंबूपेक्षा कितीतरी बरी.

पण गाडी कोकणात शिरते ती कोकणाच्या रस्त्याने.

मुंबई-गोवा महामार्गावरून उतरून किनाऱ्याच्या गावात शिरलात की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एका गाडीपुरती वाट, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या. समोरून एसटी आली की मागे कोण जाणार? एसटी जात नाही. ट्रॅव्हलरएवढी लांब गाडी असेल तर कॅम्पवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच. मोठी गाडी दारापर्यंत येते का, आणि वळते कुठे? ‘येते की’ हे उत्तर पुरेसं नाही. येते सगळीच, परत फिरायची कशी ते सांगा.

खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. मोठा वळसा वाचतो, पोरं खूश होतात. पण शेवटची फेरी कधी सुटते ते आधी विचारा, नाहीतर रात्री जेटीवरच कॅम्प पडेल. लांब गाडीला आणखी एक अडचण. ओहोटीला जेटीवरून फेरीत उतरायचा उतार वाढतो आणि गाडीचं मागचं टोक घासतं. कॅलेंडरातली तिथी इथेही उपयोगी पडते.

आणि कृपा करून गाडी पुळणीवर घालू नका. ओहोटीची वाळू वरून टणक दिसते, खाली ओली असते. चाक रुततं, ड्रायव्हर रेस करतो, चाक आणखी रुततं. तोवर भरती सुरू. मग गावातला ट्रॅक्टर शोधा, दोर शोधा, चार माणसं शोधा. खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये शिरलं की दुरुस्तीचं बिल सहलीच्या खर्चाला मागे टाकतं. दर हंगामात हे होतं, दर हंगामात व्हिडिओ फिरतात, आणि पुढच्या आठवड्यात नवा शहाणा नवी गाडी घेऊन हजर.

गाडी फिरवायला पुळण आंदण दिलेली नाही. तिथे खेकडे राहतात, जाळी वाळतात, कासवं अंडी घालतात.

कॅराव्हॅनमधल्या संडासाची टाकी भरली की रिकामी कुठे करायची? अमेरिकेत आरव्हीच्या कॅम्पात त्यासाठी ठरलेली जागा असते. नळी लावायची, टाकी रिकामी, हात धुवायचे. आपल्याकडे हा प्रश्न विचारला की बोट झाडीकडे जातं. तिथून निघा. ज्या कॅम्पाला सेप्टिक टाकीत मैला सोडण्याची सोय देता येत नाही, त्याने ‘कॅराव्हॅन पार्क’ अशी पाटी लावू नये.

विजेचंही बघा. गाडीतला एसी चालवायचा तर पंधरा अँपिअरचा सॉकेट हवा, अर्थिंग हवं, आणि गावातला दाब टिकायला हवा. माडाला बांधलेल्या वायरीला दुसरी वायर पिळून दिलेलं ‘कनेक्शन’ दिसलं तर एसी विसरा, खिडकी उघडा. मतलई वारा फुकट आहे.

जेवणाचं काय? समोर समुद्र असला की ताजी मासळी असणारच, हा शहरी समज. जून-जुलैत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात ‘आजच पकडलेली सुरमई’ खिलवणाऱ्याला विचारा, कुणी पकडली? खरं तर त्या काळात किनाऱ्यावर कॅम्पच नको. नाखवा होडी शाकारून घरी बसतो आणि आपण ‘मान्सून बीच कॅम्पिंग’ बुक करतो. समुद्र कुणाला जास्त कळतो?

आणि स्वयंपाक कोण करतं तेही विचारा. मागच्या आळीतल्या मावशींच्या हातची सोलकढी, तांदळाची भाकरी आणि बांगडा असेल तर त्या कॅम्पचा गावाशी संबंध आहे. सगळं शहरातून टेम्पोने येत असेल, स्वयंपाकीसुद्धा, तर त्या कॅम्पला गाव फक्त पत्त्यापुरतं हवं आहे. गावाशी धरून असलेला कॅम्प भरतीची वेळ चुकत नाही. मावशी चुकू देत नाहीत.

गोव्यात हौशी मंडळी किनाऱ्यावरच चूल मांडायची, बाटल्या फोडून निघून जायची. २०१९ मध्ये तिथे कायदा दुरुस्त झाला. उघड्यावर दारू आणि स्वयंपाक केला तर एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार रुपये दंड तेव्हा ठरला. काहींना तो जाच वाटतो. सकाळी अनवाणी फिरणाऱ्या पोरांच्या आईबापांना वाटत नाही.

तर फोन उचलाल तेव्हा दर विचारायच्या आधी एवढं विचारा. तंबू उधाणाच्या रेघेपासून किती मागे? आमच्या तारखेला तिथी कोणती, भरती किती वाजता? मध्ये झाडी आहे का? जीवरक्षक? मैला कुठे जातो, पाणी कुठून येतं? दहानंतर आवाज बंद? दवाखाना किती लांब? मोठी गाडी वळते का?

पाच मिनिटं लागतात. हॉटेल निवडताना आपण उशांच्या अभ्र्यांबद्दल याहून जास्त वेळ वाद घालतो.

काही कॅम्पवाले वैतागतील. ‘सर, एवढं कुणी विचारत नाही.’ बरोबर आहे. कुणी विचारत नाही म्हणूनच तंबू दर हंगामात एक पाऊल पुढे सरकतो. पुढे सरकलेल्या तंबूला दर जास्त मिळतो. जास्त दर आपण देतो. मागच्या वाडीत नीट सेप्टिक टाकी बांधून, झाडं राखून, पोरांवर नजर ठेवून कॅम्प चालवणारा माणूस मात्र ‘व्ह्यू नाही’ म्हणून रिकामा बसतो.

कॅम्पवाला जात्याच वाईट नसतो. तो मागणीप्रमाणे पुरवठा करतो. त्याच्याही पोराबाळांचं पोट या चार महिन्यांच्या हंगामावर आहे. आपण मागची रांग मागितली तर तो मागे तंबू लावेल, आणि त्यासाठी त्याला कुठल्या नोटिशीची वाट बघावी लागणार नाही.

तपासणी करणारे येतील तेव्हा येतील. आपली तपासणी फोनवरच होऊ शकते, आजच. दहा कुटुंबांनी एका हंगामात ‘पहिली रांग नको’ एवढं ठामपणे सांगितलं, तर त्या किनाऱ्यावरची पहिली रांग पुढच्या हंगामात लागणार नाही. आणि दोनशे मीटर चालून समुद्राला भेटायला जाण्यात कुणाचीही सुट्टी वाया गेलेली नाही.